नऊ पायऱ्यांचे टाके

उदुंबरा नगरीत धृतिसेन राजा गादीवर होता, त्या काळी बोधिसत्त्वाने हिमालयाच्या पायथ्याच्या डोंगरात, खदिरग्राम नावाच्या गावी एका पाथरवटाच्या घरी जन्म घेतला. आईबापांनी त्याचे नाव उपल ठेवले. दगड हातात घेतला की तो कुठे फुटेल आणि कुठे फुटणार नाही हे त्याला कळे. पन्नाशीला येईपर्यंत त्याने गावातली निम्मी घरे बांधली होती आणि दळायची सगळी जाती घडवली होती. बोधिसत्त्व म्हटला की तो चुकणारच नाही, असे ऐकणाऱ्याला वाटते. या जन्मी तो चुकला, आणि चांगलाच चुकला. म्हणून तर ही कथा सांगायची.

खदिरग्रामाला पिण्याचे पाणी एकाच ठिकाणी मिळे. नदी होती, पण ती खाली दरीत. उतरायला अर्धा दिवस आणि भरली घागर घेऊन चढायला पूर्ण दिवस. गाव जगत होते ते डोंगराच्या कुशीतल्या टाक्यावर. तीन बाजूंनी डोंगराला टेकलेल्या दगडी भिंती, पुढे एक मोकळी भिंत आणि आत उतरणाऱ्या नऊ पायऱ्या. डोंगराच्या पोटातला पाझर मागच्या भिंतीच्या दगडांमधून थेंब थेंब आत येई. गावाची एक रीत होती. सकाळी जी बाई सगळ्यांत आधी टाक्यावर जाईल तिने किती पायऱ्या उघड्या पडल्या ते मोठ्याने ओरडून सांगायचे. ‘तीन!’ असा आवाज आला की घराघरांतला दिवस त्या बेताने चाले. अंघोळ कुणी करायची, गुरांना किती पाजायचे, भांडी पाण्याने घासायची की राखेने, हे त्या एका आकड्यावर ठरे. भर उन्हाळ्यातही पाचापुढचा आकडा कुणाच्या आजोबांनी ऐकलेला नव्हता.

ते जुने टाके कोरड्या रचाईचे होते. नुसता दगडावर दगड ठेवलेला, मध्ये काही नाही. पुढच्या भिंतीतून थोडे पाणी झिरपून वाया जाई, आणि उपलाच्या डोळ्यांना ते फार खुपे. एका वर्षी तो नगरात कामाला गेला आणि तिथल्या गवंड्यांकडून चुन्याचे काम शिकून आला. भाजलेला चुना, बेलफळाचा गर, उडदाचे पीठ आणि गूळ एकत्र मळून त्याचा असा लेप करायचा की वाळल्यावर त्यातून थेंबही जाऊ नये. गावाचा मुखिया, ज्याला तेव्हा ग्रामणी म्हणत, तो सुदर्भ उपलाचा लहानपणापासूनचा मित्र. उपल त्याला म्हणाला, “सुदर्भा, आपलं टाकं गळतं. मला एक उन्हाळा दे.”

सुदर्भाने दिला. उपलाने टाके उतरवले, एकेक दगड तासून पुन्हा बसवला, भिंतींमागे चिकणमाती ठासून भरली आणि चारही भिंती चुन्याने बंद केल्या. घोटून घोटून त्या आरशासारख्या केल्या. त्या वर्षी पाऊस दणकून पडला, डोंगरावरचे पाणी धावत येऊन टाके काठोकाठ भरले, आणि दिवाळीपर्यंत बोटभरही कमी झाले नाही. दुसऱ्या गावचे लोक ते बघायला येऊ लागले. सुदर्भ तर पाहुण्यांना घरी नेण्याआधी टाक्यावर नेई. चारही भिंती बंद केल्या म्हटल्यावर ज्याच्या मनात इथेच शंका आली असेल तो शहाणा. खदिरग्रामात तेव्हा एकाच्याही मनात ती आली नाही.

माघात चार पायऱ्या उघड्या पडल्या. फाल्गुनात पाच. वापर वाढला असेल, असे म्हणून लोकांनी मनाची समजूत घातली. चैत्रातल्या एका सकाळी उपलाची बायको इंदा सगळ्यांत आधी टाक्यावर गेली. तिने खाली पाहिले आणि पुन्हा मोजले. शेवटी ती “सहा” म्हणाली, तेही इतक्या हळू की शेजारच्या घरांना विचारायला यावे लागले. वैशाख लागला तेव्हा सात झाल्या होत्या. दोन पायऱ्यांचे पाणी, एकतीस घरे, आणि पाऊस यायला अजून दोन महिने.

गावाच्या जिवाला घोर लागला. माणसे एकमेकांच्या घागरींकडे बघू लागली. कुणाच्या दारात ओल दिसली तरी चौकशी होई. उपलाच्या घरी त्याची मुलगी बाळंतपणाला आलेली होती. पंधरा दिवसांचे मूल पोटाशी धरून ती बसे, आणि तिला पुरेसे दूध येत नव्हते. इंदा आपल्या वाटचे पाणी तिला देई आणि मला तहान नाही म्हणे. ते खोटे आहे हे घरातल्या सगळ्यांना कळत होते.

याच दिवसांत राजाचा दूत गावात आला. टाक्याची कीर्ती नगरीपर्यंत पोचली होती. राजाला राजवाड्यामागे तसेच टाके हवे होते, आणि उपलाला राजपाथरवट करून कायमचे नगरीत ठेवायचे होते. राहायला घर, नोकरचाकर, सगळे ठरले होते. पौर्णिमेनंतर त्याला बरोबर घेऊनच जायचे म्हणून दूत सुदर्भाकडे मुक्कामाला राहिला. पाहुण्याला पाणी आधी द्यायचे, त्यामुळे रोज सकाळी तो घटाघटा पाणी पिई आणि सगळे गाव त्याच्या गळ्याकडे बघत राही.

गावाच्या वरच्या टेपावर, म्हणजे डोंगरावरच्या उंचवट्यावर, म्हशी राखणाऱ्या लोकांची सात खोपटी होती. बिंबा नावाची म्हातारी त्यांच्यात सगळ्यांत वडील. त्यांचे पिण्याचे पाणी वेगळे, एका लहानशा झऱ्याचे. गावाच्या टाक्याशी त्यांचा संबंध नव्हता. एके संध्याकाळी गावातल्या कुणीतरी पाहिले, की टेपावर परतणाऱ्या म्हशी पोटापर्यंत ओल्या चिखलाने माखलेल्या आहेत. गावात भांड्याला पाणी नाही आणि यांच्या म्हशी डुंबतात! झाले, वणवा पेटायला तेवढे पुरले. दुसऱ्या दिवशी सुदर्भाने सभा बोलावली आणि बिंबाला समोर उभे केले.

“आमचं पाणी तुम्ही वळवलंत,” तो म्हणाला. “तीन दिवसांत टेप सोडायचा. नाही सोडला तर खोपटी जाळू.”

“आम्ही म्हशी राखतो, ग्रामणी,” बिंबा म्हणाली. “डोंगरातलं पाणी वळवायला आम्हाला येतं तरी का? म्हशी कुठं लोळतात ते बघायचं असेल तर चला माझ्याबरोबर. लांब नाही.”

कुणी उठले नाही. आपल्या मनात आधीच ठरलेले असले की पाय उचलत नाहीत. एकटा उपल उठला. पाणी वळवले असेल तर ते कसे, हे त्याच्यातल्या पाथरवटाला बघायचे होते.

बिंबा त्याला डोंगराच्या सोंडेला वळसा घालून पलीकडच्या घळीत घेऊन गेली. लहानपणी उपलाने तिथे शेळ्या चारल्या होत्या. तेव्हा ती खडखडीत कोरडी असे. आता गुडघाभर चिखल होता, कडेला कमरेएवढे नेचे वाढले होते आणि भर वैशाखात बेडूक ओरडत होते. एका खडकाखालून पाण्याची बारीक धार येत होती आणि दोन पावलांवर चिखलात हरवत होती. उपलाने धारेखाली ओंजळ धरली आणि पाणी तोंडात घेतले. पन्नास वर्षे तो हेच पाणी पीत आला होता. चव ओळखायला वेळ लागला नाही. त्याने सोंडेकडे पाहिले. तिच्या बरोबर पलीकडच्या अंगाला टाक्याची मागची भिंत होती.

तो तिथेच एका धोंड्यावर बसला.

“काय झालं रे बाबा?” बिंबाने विचारले.

“आजी, हे पाणी तुम्ही वळवलं नाही. मी वळवलं. पुढची भिंत गळत होती, तेवढीच बंद करायची होती. मी मागचीही बंद केली. पाझराला आत यायची वाट राहिली नाही, म्हणून तो इकडून फुटला.”

बिंबाने धारेकडे पाहिले. मग म्हणाली, “आणि हे तू गावात सांगणार?”

उपल उठून गावाकडे चालू लागला. बोधिसत्त्वाचीही जीभ कधी कधी जड होते.

घरी येऊन त्याने इंदेला सगळे सांगितले. ती भिंतीला टेकून बसली. “अहो, हे तुमच्याशिवाय कुणाला ठाऊक आहे?” तिने विचारले.

“बिंबाला.”

“तिचं कोण ऐकतंय!” असे ती म्हणाली आणि म्हटल्यावर तिची तिलाच लाज वाटली. तरी बोलल्यावाचून राहवेना. “पोरीचे हाल बघवत नाहीत. पौर्णिमेनंतर आपण सगळेच नगरीत जाऊ. तिथं पाणी आहे. मूल तरी जगेल.”

ती चुकीचे बोलत नव्हती. दोन दिवस तो याच विचाराने पोखरला गेला. गप्प राहिले तर नातवंड वाचते, मान मिळतो, घर मिळते. बिंबाची माणसे डोंगर उतरून जातात, आणि मागे राहिलेली एकतीस घरे आषाढाची वाट बघत एकेक मेलेली मोजतात. मग राजा म्हणतो, बांध टाके. आणि तो तसेच टाके बांधतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी इंदेला तो म्हणाला, “मी आज सभेत सांगणार आहे. मागची भिंत फोडावी लागेल.”

“आणि फोडून आत काहीच आलं नाही तर?”

“तर उरलेलं पाणीही त्या भोकातून डोंगरात जाईल.”

इंदा उठली आणि म्हणाली, “मग आधी लोकांना घागरी भरून घेऊ द्या. तेवढं तरी करा.”

सभेत उपल उभा राहिला आणि त्याने घळीत काय पाहिले, पाझर कसा अडला, सगळे सरळ सांगितले. शेवटी म्हणाला, “चूक माझी आहे. म्हशीवाल्यांचा यात काही दोष नाही.”

लोक एकमेकांकडे बघू लागले. मग कुणीतरी हसले. “उपलदादांना दया आली. त्यांच्यावरचं खापर आपल्या डोक्यावर फोडून घेतायत.” बघता बघता सगळ्यांना तेच पटले. आपले टाके, ज्यासाठी परगावचे लोक येतात ते टाके, आपल्याच घशाला कोरड पाडते आहे, हे कुणाच्या गळी उतरेना. राजदूत तर घाबरलाच. “अहो पाथरवट, शुद्धीवर आहात ना? राजाला मी काय सांगू?”

सुदर्भाने उपलाला बाजूला ओढले. “ते म्हशीवाले आज आहेत, उद्या नाहीत,” तो दबक्या आवाजात म्हणाला. “तू गावाचं नाव आहेस. कशाला आपल्या हातानं घालवतोस?”

“सुदर्भा, पोरीला दूध येत नाही. नाव घेऊन मी काय करू?”

एवढे बोलून उपल घण आणि पहार घेऊन टाक्याकडे चालू लागला. वाटेत तो प्रत्येक दारात थांबून सांगत गेला, “घागरी भरून घ्या. हंडे, कळशा, जे असेल ते भरून घ्या.” त्याच्या बोलण्यावर विश्वास कुणाचाच नव्हता, पण भीती सगळ्यांना होती. बायकांची झुंबड उडाली. तासाभरात आठवी पायरीही उघडी पडली आणि उपल घोटाभर पाण्यात उभा राहिला.

त्याने मागच्या भिंतीच्या मधोमध, अगदी तळाशी पहिला घाव घातला. चुना फुटेना. त्यानेच तो सात दिवस मळला होता, त्यानेच घोटला होता, आणि आता तोच त्याच्या हाताला दाद देत नव्हता. वर काठावर सगळे गाव जमले. दुपार कलली तेव्हा पहिला दगड निघाला. त्याच्यामागे होती ठासून भरलेली, कोरडी चिकणमाती. पाझराचा मागमूस नव्हता. आणि टाक्यातले उरलेसुरले पाणी हळूहळू त्या भोकाकडे वळून आत शिरू लागले.

वर आकांत झाला. “पाणी चाललं! धरा त्याला!” सुदर्भ काठी उगारून पायऱ्या उतरून आला. उपलाने मान वळवून त्याच्याकडे पाहिले. “मारायचं असेल तर मार. पण मग उरलेले दगड तू काढ.”

सुदर्भाची काठी वरच्या वर राहिली. मारायला त्याचा हात उठेना, आणि मागे फिरायलाही त्याला जमेना. तेवढ्यात इंदा त्याच्या बाजूने वाट काढत खाली आली. तिने मातीसाठी आणलेली पाटी टेकवली आणि भोकातली माती हाताने ओढू लागली. तिची नखे तुटली, तरी तिने मान वर केली नाही. मग बिंबा आपल्या चार माणसांना घेऊन आली. गावातल्या कुणी त्यांना बोलावले नव्हते आणि कुणी अडवलेही नाही. ते मातीच्या पाट्या वर नेऊन टाकू लागले. ज्यांची खोपटी आज जळायची होती ते गावाचे टाके उपसत होते, आणि गाव काठावर उभे राहून बघत होते.

संध्याकाळपर्यंत सहा दगड निघाले. उपलाचा हात खांद्यापर्यंत आत जाईल इतके खोल झाले. माती गार लागत होती, थोडी ओलसरही, पण पाणी नव्हते. टाके मात्र पूर्ण रिकामे झाले होते. नवव्या पायरीखालचा तळ उघडा पडला. ते दृश्य गावातल्या कुणीच जन्मात पाहिले नव्हते. लोक घरी गेले आणि घागरी आतल्या खोलीत नेऊन ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी उजाडताना इंदा टाक्याकडे निघाली. तिच्याआधी जायची कुणाची छाती झाली नाही. सगळे गाव उंबऱ्यांवर उभे होते. उपल आपल्या अंगणात होता, आणि घरात मूल रडत होते. टाक्याकडून आवाज येईना. बायकांनी तोंडावर पदर धरले. सुदर्भाच्या दारात राजदूत घोड्यावर सामान लादता लादता थांबला. अजून आवाज येईना.

खरी गोष्ट अशी, की इंदा शेवटच्या उघड्या पायरीवर बसली होती आणि तिचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसत नव्हता. तिने पाण्यात हात घातला, काढला, पुन्हा घातला. मग ती उठली आणि जन्मात ओरडली नव्हती इतक्या मोठ्याने ओरडली, “आठ!”

नववी पायरी पाण्याखाली होती. रात्रीत पाझराने उरलेली माती ढकलून आपली जुनी वाट धरली होती. त्यापुढच्या सकाळी सात झाल्या, आठवड्याने सहा. ज्येष्ठात पाणी पाचव्या पायरीपाशी आले आणि तिथेच राहिले, जसे ते आजोबांच्या काळी राहत असे. घळीतला चिखल वाळून गेला. “आमच्या म्हशी रुसल्यात,” बिंबा म्हणाली, आणि त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा कुणीतरी हसले.

राजदूत एकटाच परत गेला. राजाने पूर्वेकडचा कुणी दुसरा गवंडी नेमला. उपलाला पुन्हा बोलावणे आले नाही. मागच्या भिंतीच्या मधोमध उपलाने जुन्या पद्धतीने ओबडधोबड दगड रचले, त्यांच्यात बोटभर फटी ठेवल्या. त्या गुळगुळीत टाक्याला ते ठिगळ अगदी विद्रूप दिसे. गावाने त्याला ‘उपलाची चूक’ असे नाव ठेवले. पुढे सगळ्या टाक्यालाच ते नाव पडले. सुना सासूला सांगत, “आत्याबाई, चुकीवरून एक खेप आणते.” उपल ते ऐके आणि तेच पाणी पिऊन कामाला जाई.

सुदर्भाचे मात्र एक राहून गेले. बिंबाला चार शब्द सांगायचे त्याच्या मनात होते. एकदा तो टेपाच्या निम्म्या वाटेपर्यंत गेलासुद्धा, आणि परत फिरला. मग त्याने गड्याबरोबर तुपाचा एक गडवा पाठवून दिला. म्हशीवाल्यांच्या घरी तूप! बिंबाने तो ठेवून घेतला, आणि आयुष्यभर सुदर्भाच्या येण्याची वाट पाहिली.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, एका विहारात सांगितली. त्या विहारात तीन तरुण भिक्षू काढा पिऊन आजारी पडले होते. काढ्याच्या मुळ्या गावातल्या एका गरीब उपासिकेने आणून दिलेल्या. तिनेच वाईट मुळ्या दिल्या असे सगळे म्हणत होते, आणि आदल्या दिवशी तिला दारातून परत पाठवले होते. काढा कसा करायचा हे ज्या वृद्ध भिक्षूने शिकवले होते, तो तेव्हापासून कुणाशी बोलत नव्हता.

कथा संपवून शास्ता म्हणाले, “त्या वेळचा उपल तो मी. इंदा ती राहुलमाता. बिंबा म्हणजे काल दारातून परत गेलेली उपासिका. आणि सुदर्भ…” इथे ते थांबले. त्यांनी नाव घेतले नाही.

सभेत मागच्या बाजूला तो वृद्ध भिक्षू उठला.

“भन्ते, मुळ्या चांगल्या होत्या,” तो म्हणाला. “उकळण्याचं प्रमाण मी चुकीचं सांगितलं.”

आणि सभा संपायची वाट न बघता तो विहाराबाहेर पडला आणि त्या बाईच्या घराची वाट धरून गेला. या वेळी तो निम्म्यातून परत फिरला नाही.

बोधिसत्त्वाने त्या जन्मी पाळलेला गुण तो सत्य होय, आणि तेही स्वतःच्या चुकीविषयीचे.